भुतांचें देणें : पिशाचनामांचा विचार व अलीकडील भयकथांचें परीक्षण

१

इतिहाससंशोधनाच्या कामीं कागद, शिलालेख, नाणीं व ताम्रपट यांस जी प्रतिष्ठा आहे, ती भुताखेतांच्या गोष्टींस कोणीं दिलेली नाहीं. आणि एका अर्थीं तें योग्यच आहे. भूत पाहिल्याचा विश्वसनीय पुरावा मिळत नाहीं, व ज्यास पुरावा नाहीं तें संशोधकाच्या कक्षेबाहेरचें. परंतु भूत असतें कीं नाहीं हा एक प्रश्न झाला. एखाद्या समाजानें कोणाकोणास भूत ठरविलें, हा निराळा प्रश्न होय. पहिल्याचें उत्तर विज्ञानानें द्यावें, व तें त्यानें दिलेंही आहे. दुसऱ्याचें उत्तर मात्र कोश, रोजनिशा, लोकाचारांचीं टिपणें, कथासंग्रह आणि अलीकडच्या कादंबऱ्या व चित्रपट यांतूनच शोधावें लागतें. हें काम इतिहासाचें आहे.

या विषयावर सामान्यतः दोन मतें ऐकूं येतात. सुधारकांचें मत असें कीं, भुतांच्या कल्पना म्हणजे अज्ञानाचा केरकचरा. तो झाडून टाकला कीं काम संपलें. रसिकांचें मत असें कीं, भयकथा म्हणजे घटकाभर अंगावर कांटा आणणारी करमणूक. तिच्यांत अर्थ शोधीत बसणें म्हणजे विनोदाचें व्याकरण मांडण्यासारखें आहे. दोन्ही मतांत तथ्य आहे, पण दोन्ही अपुरीं आहेत. अज्ञानाला आंखीव रचना नसते. महाराष्ट्रांतील भूतविचाराला ती आहे. आणि केवळ करमणुकीसाठीं कोणी पिंपळाला पार बांधीत नाहीं.

प्रस्तुत लेखाचें प्रतिपाद्य थोडक्यांत असें आहे : मराठी मुलखांतील भूत हें मुळांत थकलेलें देणें आहे. ज्याचें जगणें किंवा मरणें समाजानें पुरें होऊं दिलें नाहीं, त्याच्या हक्काची नोंद भुताच्या नांवांत व त्यावरच्या उताऱ्यांत राहिलेली आहे. ही नोंद वाचतां आली म्हणजे जुन्या कथांचा अर्थ तर लागतोच. शिवाय आजच्या भयकथांपैकीं कसदार कोणती व पोकळ कोणती, हें ठरविण्यास एक कसोटीही हातीं येते.

२

प्रथम साधनांचा विचार करूं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ति १८३१ सालीं व सुधारून वाढविलेली दुसरी १८५७ सालीं निघाली. त्यांत मुंजा, समंध, हडळ, खवीस इत्यादि शब्द सांपडतात. अधिक विस्तृत सामग्री १९१५ सालीं छापलेल्या कोंकणांतील लोकाचारांच्या टिपणांत आहे. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनीं प्रश्नावली तयार करून गांवोगांवच्या शाळामास्तरांकडून हीं उत्तरें मागविलीं होतीं. १९०९ सालीं नाशिकास त्यांचा वध झाल्यावर एन्थोव्हेन यांनीं तीं संपादून प्रसिद्ध केलीं. या साधनाची मर्यादा उघड आहे. उत्तरें देणारे लिहितेवाचते गृहस्थ होते. भुताटकीनें पछाडलेल्या बाईचा किंवा गांवकुसाबाहेरच्या माणसाचा आवाज त्यांत थेट उमटत नाहीं. ही उणीव पुढील विवेचनांत सतत ध्यानांत ठेवली पाहिजे.

आतां नांवें पाहूं. मुंज झाली पण सोडमुंज होण्यापूर्वींच जो ब्राह्मण मुलगा मेला, तो मुंजा. त्याचा वास पिंपळावर. विद्येचा ताठा बाळगून मेलेला वेदज्ञ ब्राह्मण तो ब्रह्मग्रह. ज्याच्या मागें पिंड देणारा कोणी नाहीं किंवा ज्याचा जीव पुरलेल्या धनांत गुंतला आहे, तो समंध. हा शब्द ‘संबंध’ याचाच अपभ्रंश होय, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. लग्न होऊन मेलेला शूद्र तो देवचार. बुडून मेलेला गिऱ्हा. तो ओळखीच्या माणसाचें रूप घेऊन लोकांस पाण्याकडे नेतो. नवरा जिवंत असतां इच्छा अपुऱ्या राहून मेलेली स्त्री ती जखीण, म्हणजे यक्षिणी. विधवेचें भूत ती लावसट. बाळंतपणांत मेलेली ती हडळ. खवीस हा शब्द अमंगळ, दुष्ट या अर्थाच्या अरबी ‘खबीस’ शब्दावरून आला. तो कोठें मुसलमानाच्या वा सिद्दीच्या, तर कोठें अस्पृश्य मानलेल्या जातींतील मृताच्या भुतास लावीत.

स्थळपरत्वें या अर्थांत फरक पडतो, परंतु रचना बदलत नाहीं. प्रत्येक नांवांत तीन गोष्टी सांगितलेल्या असतात : मृताची जात किंवा आश्रम, मरणाचा प्रकार, आणि काय अपुरें राहिलें. भुताचें शरीर कसें, दांत किती, नखें केवढीं, याविषयीं ही यादी बहुधा उदासीन आहे. तिला भुताचें रूप महत्त्वाचें वाटत नाहीं. त्याची बाकी महत्त्वाची वाटते. गांवच्या हयात माणसांची जशी खानेसुमारी असते, तशी ही अर्धवट राहिलेल्यांची दुसरी खानेसुमारी आहे.

३

नांवांपेक्षांही उतारे अधिक बोलके आहेत. देणें कोणाचें मान्य केलें व कोणाचें नाकारलें, हें तेथें कळतें.

मुंज्यासाठीं पिंपळास पार बांधीत, आणि त्या पिंपळाची मुंजही लावीत. जो संस्कार मुलाच्या आयुष्यांत पुढें सरकला नाहीं, तो झाडावर पुरा करावयाचा, असा त्याचा आशय दिसतो. समंधासाठीं नारायणबळी व त्रिपिंडी श्राद्ध. त्र्यंबकेश्वरास हे विधि आजही चालतात. देवचारास नारळ, केळीं, कोंबडें असा वार्षिक मान असे, व त्याच्या मोबदल्यांत तो गांवाच्या चारी सीमा राखी. दक्षिण कोंकणांत व गोव्यांत देवचार हा भय घालणारा कमी व राखणदार अधिक आहे. पहिली बायको मेल्यावर दुसरी केली तर तिच्या गळ्यांत पहिलीच्या नांवाचा टाक घालीत. पहिलीचें घरांतील स्थान पुरें पुसलें गेलें नाहीं, याची ती कबुली होती.

येथपर्यंत भूत व गांव यांच्यामध्यें एक प्रकारचा हिशेब चालूं आहे. कोणी अर्धवट गेला. त्याचें उरलेलें आपण देऊं. तो शांत होईल, कदाचित् राखणही करील. भय आहे, पण तें ऋणकोला धनकोचें वाटावें तसें आहे.

हडळीपाशीं आल्यावर हा हिशेब अकस्मात् थांबतो. बाळंतपणांत बाई मेली कीं स्मशानाच्या वाटेवर राळे किंवा मोहऱ्या पसरावयाच्या, उंबऱ्यांत खिळा ठोकावयाचा. हेतु एवढाच कीं तिनें परत येऊं नये. मुंज्याला पार मिळाला, देवचाराला कोंबडें मिळालें, हडळीला खिळा मिळाला. वस्तुतः या साऱ्या यादींत तिच्याइतकें मोठें देणें कोणाचेंच नव्हतें. कोवळ्या वयांतील गर्भारपण, अस्वच्छ बाळंतघर, सुइणीपलीकडे वैद्यकीय साह्य नाहीं, अशा स्थितींत घराण्याला मूल देतां देतां ती मेली. पिंड घालून किंवा नारळ फोडून हें देणें फिटण्यासारखें नव्हतें, कारण तें मान्य केलें असतें तर घराची सारी व्यवस्थाच अपराधी ठरली असती. म्हणून देणें मान्य न करतां वाटच बंद केली. जेथें ऋण सर्वांत मोठें, तेथें भूत सर्वांत भेसूर, असा नियम या यादींतून काढतां येतो. खविसाच्या वांट्यास आलेला तिटकाराही याच नियमानें उलगडतो.

येथें कोणी अशी शंका घेईल कीं, हा आधुनिक मनाचा अर्थ जुन्या समजुतींवर लादला आहे. परंतु उताऱ्यांतील भेद आम्हीं कल्पिलेला नाहीं. तो आचारांतच आहे. आम्हीं त्याचें कारण तेवढें सुचविलें आहे. याहून चांगलें कारण कोणीं दाखविल्यास तें स्वीकारण्यास अडचण नाहीं.

४

भूत म्हणजे केवळ दुष्टपणा नव्हे, ही जाणीव लोकाचारापुरतीच होती असें नाहीं. ती आपल्या जुन्या वाङ्मयांतही आहे. वेताळपंचविशी हें तिचें उत्तम उदाहरण. काश्मीरच्या सोमदेवानें अकराव्या शतकांत रचलेल्या कथासरित्सागरांत ही कथामाला आहे, आणि तिचें स्थळ महाराष्ट्रीय वाचकास जवळचें आहे. गोदावरीच्या कांठच्या प्रतिष्ठान नगरीचा, म्हणजे आजच्या पैठणचा, राजा त्रिविक्रमसेन हा तिचा नायक. क्षांतिशील नांवाचा भिक्षु त्याला रोज रत्नगर्भ फळें देऊन उपकृत करतो व स्मशानांतील शिंशपा वृक्षावरचें प्रेत आणावयास सांगतो. त्या प्रेतांत वेताळ आहे. तो वाटेंत गोष्ट सांगतो व शेवटीं प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून राजा मौन राहील तर त्याचें मस्तक फुटेल. बोलेल तर प्रेत पुन्हा झाडावर जाईल.

प्रश्न कसले आहेत तें पाहावें. एक मुलगी मरते. तिच्या तीन प्रणयार्थ्यांपैकीं एक तिच्या राखेवर निजतो, दुसरा अस्थि गंगेस नेतो, तिसरा मंत्र मिळवून तिला उठवितो, ती कोणाची? राजा सांगतो कीं, जीव देणारा तो पिता, अस्थि नेणारा तो पुत्र, राखेवर निजणारा तोच पति. बहुतेक कथांचा मुद्दा असाच आहे : कोणाचें कोणाला काय लागतें? प्रेत न्यायाचे प्रश्न विचारतें आणि राजाला ते टाळतां येत नाहींत. अखेरीस कळतें कीं खरा घातकी वेताळ नव्हे. सिद्धीच्या लोभानें राजाचाच बळी देऊं पाहणारा जिवंत भिक्षु हा घातकी, आणि राजाला सावध करणारें प्रेत. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनीं ही पंचविशी १८३० च्या सुमारास मराठी गद्यांत आणली, ती शिकणाऱ्या मुलांच्या हातीं देण्यास संकोच वाटला नाहीं, याचें कारण हेंच असावें. गोव्यांत आमोणें, लोलयें, पैंगीण येथें बेताळ हें ग्रामदैवत आहे. रात्रीं गांवाभोंवतीं फिरून त्याच्या वहाणा झिजतात अशा समजुतीनें त्याला नव्या वहाणा वाहतात. श्रमाचा मोबदला द्यावा तसें हें देणें आहे.

हा वेताळ रिचर्ड बर्टननें १८७० सालीं इंग्रजींत नेला तेव्हां ग्रंथाच्या नांवांतच त्याला ‘व्हॅम्पायर’ केलें, म्हणजे रक्त पिणारा ठरविलें. नांव बदलतांच अपेक्षा बदलली. प्रश्न विचारणारा गेला आणि चावणारा आला. असें होणें हें कांहीं आपल्याच वेताळाच्या नशिबीं होतें असें नाहीं. मेरी शेली यांच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ या १८१८ च्या कादंबरींतील निर्मित प्राणी मोठा वक्ता आहे. मला घडवून टाकून कां दिलेंस, असा आपल्या कर्त्यास तो जाब विचारतो. १९३१ च्या चित्रपटांत त्याची वाचाच काढून घेण्यांत आली, आणि लोकांनीं तर कर्त्याचें नांव त्या प्राण्यासच देऊन टाकलें. लोकप्रिय कलेचा हा एक नेहमींचा व्यवहार दिसतो. राक्षसाची तक्रार काढून टाकावयाची व आक्राळविक्राळ देह तेवढा ठेवावयाचा. महात्मा फुले यांनीं १८७३ च्या ‘गुलामगिरी’ ग्रंथांत राक्षस शब्दाचा ‘रक्षक’ असा अर्थ लावला, तो याच व्यवहाराच्या विरोधांत. ती व्युत्पत्ति भाषाशास्त्रास मान्य होवो वा न होवो, राक्षसाची बाजू विचारावी हा त्यामागील हेतु मात्र ऐतिहासिक दृष्टीचाच आहे.

५

मेलेल्याचें देणें नाकारलें म्हणजे भय नाहींसें होत नाहीं. तें जिवंत माणसावर येऊन पडतें. चेटकीण हें त्याचें उदाहरण. वरील यादींतील इतर सारीं नांवें मृतांचीं आहेत; चेटकीण मात्र बहुधा जिवंत, एकटी, पुष्कळदा विधवा बाई असते. पेशव्यांच्या रोजनिशींवर न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं १९०० सालीं लिहिलेल्या निबंधांत ही गोष्ट नोंदलेली आहे. उत्तर पेशवाईंत चेटूक करणाऱ्यांचा शोध घेऊन त्यांस शिक्षा करणें हें चोर व खुनी यांना शासन करण्याइतकेंच अंमलदारांचें कर्तव्य मानलें जात होतें, असा त्यांचा आशय आहे. म्हणजे येथें भूत दप्तरांत शिरलें. त्याला गुन्हेगार मिळाला, आणि ज्याच्यावर आरोप आला तो माणूस खरा होता.

हा भाग केवळ गतकाळाचा नाहीं. २० ऑगस्ट २०१३ रोजीं डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यांत हत्या झाली. त्याच वर्षीं डिसेंबरांत महाराष्ट्राच्या विधिमंडळानें नरबळी व अघोरी प्रथा यांविरुद्धचा कायदा संमत केला. भूत उतरविण्याच्या मिषानें बांधून मारणें, एखाद्यावर करणी-जादूटोण्याचा आळ घेऊन त्याचें जगणें अशक्य करणें, हीं कृत्यें त्या कायद्याच्या अनुसूचींत आलीं आहेत. अशा कायद्याची गरज भासावी यावरूनच हा विषय किती जिवंत आहे हें दिसतें. म्हणून भयकथा लिहिणारा व दाखविणारा निव्वळ करमणूक करीत असतो हें म्हणणें पुरेसें नाहीं. भय कोणाकडे वळवावें हें तो ठरवीत असतो.

६

या कसोटीवर आतां अलीकडील भयवाङ्मय पाहूं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत नारायण धारप (१९२५–२००८) यांनीं मराठी भयकथेला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. साध्या मध्यमवर्गीय घरांत, जिन्यावर, बंद खोलींत भय कसें सांचत जातें याचें त्यांचें चित्रण आजही प्रभावी वाटतें. परंतु त्यांच्या पुष्कळ कथांतील अशुभ ही बाहेरून आलेली एक अनामिक शक्ति असते, व तिचा पाडाव करण्यास ‘समर्थ’ यांच्यासारखा अधिकारी पुरुष लागतो. ‘लुचाई’ ही त्यांची कादंबरी स्टीफन किंग यांच्या १९७५ सालच्या ‘सेलम्स लॉट’वर आधारलेली आहे, आणि त्या मूळ कादंबरींत परका इसम गांवांत येऊन वाडा घेतो व गांव ग्रासतो. अशा कथेंत गांव निरपराध ठरतो. भूताचें गांवाकडे कांहीं येणें नसतें; म्हणून गांवाला स्वतःकडे पाहावें लागत नाहीं. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनीं आपल्या कथांस ‘गूढकथा’ म्हटलें व भयाचें मूळ पुष्कळदा माणसाच्या मनांत शोधलें. ही वाट अधिक आंतली आहे; मात्र तींतही भूत समाजाचें न राहतां एकेका व्यक्तीचें होतें.

२०१८ सालीं आलेला राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट मराठी मातींतला आहे. त्याचें नांव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून घेतलेलें, व प्रेरणा धारपांच्या ‘आजी’ या कथेची. पुरलेल्या धनांत जीव गुंतलेला जुना समंध येथें हस्तर या रूपानें परत आला आहे. देवीच्या या पहिल्या मुलानें सोनें घेतलें, पण धान्यास हात लावतांच इतर देव त्याच्यावर तुटून पडले. देवीनें त्याला गर्भांत लपविलें, आणि त्याची पूजा कधीं होणार नाहीं, तो विसरला जाईल, असें ठरलें. नायक विनायकराव त्या गर्भांत उतरतो, पिठाची बाहुली टाकतो, व उपाशी हस्तर पिठावर पडला असतां त्याच्या मोहरा पळवितो.

या कल्पनेचें सामर्थ्य कशांत आहे? पीठ हें पिंडाचें द्रव्य आहे. भुकेल्या मृताला पीठ द्यावें हा जुना आचार. येथें तेंच पीठ गळाला लावलेलें आमिष झालें आहे. अर्पणाचा विधि राहिला, अर्पणाचा हेतु उलटा झाला. देण्याचें रूप ठेवून घेणें, हीच लोभाची खरी व्याख्या होय, आणि ती चित्रपटानें एका दृश्यांत सांगितली आहे. शेवटीं पुष्कळ बाहुल्या टाकून एकदम सारें लुटण्याचा बेत होतो, तेव्हां जितक्या बाहुल्या तितके हस्तर उभे राहतात. हिशेब चुकवूं पाहणाऱ्यापुढें बाकी वाढत जाते, असाच त्याचा अर्थ.

तरीही एक मोठी उणीव सांगणें प्राप्त आहे. चित्रपटाचा काळ १९१८, १९३३ व १९४७ असा सांगितलेला आहे. कोंकणच्या इतिहासांत हा काळ खोत आणि कुळें यांच्या झगड्याचा आहे. नारायण नागू पाटील यांच्या पुढाकारानें कुलाबा जिल्ह्यांतील चरी येथें शेतकऱ्यांचा संप १९३३ सालींच सुरू झाला व १९३९ पर्यंत चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९३७ सालीं मुंबई विधिमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें, आणि जानेवारी १९३८ मध्यें हजारों शेतकरी मुंबईंत मोर्चानें आले. वाड्यांतील धन कोठून आलें याचें उत्तर त्या मोर्चानें दिलें होतें : तें कुळांच्या धान्यांतून आलें. चित्रपटांत मात्र तें देवीच्या गर्भांतून येतें. हस्तर धान्यासाठीं उपाशी आहे, पण तें धान्य पिकविणारा माणूस तेथें कोठेंच नाहीं. ज्या वर्षीं कुळांनीं नांगर खालीं ठेवला त्याच वर्षींची कथा सांगतांना त्यांचें देणें पुराणकथेंत विरघळून जावें, ही गोष्ट कलेच्या दृष्टीनेंही उणी आहे. कारण लोभाचें चित्र पुरें होण्यास ज्याचें लुबाडलें तो दिसावा लागतो. पहिल्या भागांतील विधवा आई एका मोहरेसाठीं सरकारांच्या वाड्यांत झिजते, आणि साखळीनें बांधलेली आजी मरूंही शकत नाहीं. तेथें हा चित्रपट सत्याच्या सर्वांत जवळ आला होता. पुढें तो पुरुषांच्या साहसांत रमतो.

७

२०२४ सालचा आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ हा हिंदी चित्रपट तर वरील यादींतील पहिलेंच नांव घेऊन येतो. १९५२ सालीं कोंकणांतील एक मुलगा वयानें मोठ्या असलेल्या मुलीवर आसक्त होतो. घरचे त्याची मुंज उरकतात. मुलीचें लग्न दुसरीकडे होतें. तिच्या प्राप्तीसाठीं बहिणीचा बळी देण्याच्या प्रयत्नांत तो स्वतःच मरतो व मुंज्या होऊन पुढच्या पिढीच्या मानेवर बसतो. त्याची एकच मागणी : लग्न.

विनोद आणि भय यांचें मिश्रण यांत कुशलतेनें साधलें आहे, आणि पारंपरिक नांव नव्या पिढीच्या तोंडीं आलें हेंही खरें. परंतु जुन्या मुंज्याचें दुःख असें होतें कीं, मुलगा एका आश्रमाच्या उंबऱ्यावर मेला. त्यांत त्याचा अपराध नव्हता. म्हणून त्याच्यासाठीं पार होता. चित्रपटानें अपराध त्याच्याच अंगीं लावला. जो बळी देऊं निघाला त्याचें कोणाकडे काय येणें राहणार? देणें गेलें, हट्ट उरला; आणि हट्टी भुताला समजूत लागत नाहीं, मार लागतो.

मात्र कळत नकळत चित्रपटाचें बोट एका खऱ्या जखमेवर पडलें आहे. मुंज्याचें अपुरें राहिलेलें फेडण्यास अखेर एक जिवंत मुलगी मागितली जाते. इतिहासाकडे पाहतां हेंच घडत आलें. लग्नापूर्वीं मुलगा मेला तर तो मुंजा होऊन पिंपळावर गेला. लग्नानंतर मेला तर घरांत एक बालविधवा मागें राहिली. मुलाच्या भुताला पार मिळाला. त्या मुलीला केशवपन व माजघराचा कोपरा मिळाला. तिचें नांव यादींत यावयाचें तर तिला मरून लावसट व्हावें लागे. मुंज्याची गोष्ट आज सांगावयाची तर ती या मुलीच्या बाजूनें सांगण्यास जागा होती. ती जागा अजून रिकामी आहे.

८

एकंदर विवेचनाचा निष्कर्ष असा. महाराष्ट्रांतील पिशाचनामें ही अपुऱ्या आयुष्यांची नोंद आहे. त्यांवरचे उतारे पाहिले असतां, कोणाचें देणें समाजानें मानलें व कोणाचें खिळ्यानें बंद केलें, हें समजतें. वेताळासारख्या कथांनीं प्रेताला वाचा दिली. पुढील लोकप्रिय कलेनें ती पुष्कळदा काढून घेतली. जेथें वाचा गेली तेथें भय एखाद्या जिवंत, दुबळ्या माणसाकडे वळविणें सोपें झालें.

यावरून संशोधकांस व टीकाकारांस एकेक काम सुचतें. पेशवेदप्तरांत व गांवोगांवच्या जुन्या कागदांत चेटकाच्या तक्रारी आहेत, त्या वतन, जमीन, वारसा व वैधव्य यांच्या तपशिलासह एकत्र वाचल्या पाहिजेत. आरोपाच्या वेळीं त्या बाईच्या नांवें काय होतें व निकालानंतर तें कोणाकडे गेलें, एवढें जरी जुळवितां आलें तरी भुताटकीच्या इतिहासावर पुष्कळ प्रकाश पडेल. आणि टीकाकारानें कोणतीही भयकथा हातीं घेतल्यावर भूत किती भयंकर आहे हें पाहण्यापूर्वीं त्याचें कोणाकडे काय येणें आहे हें विचारावें. भाषेनें गेलेल्या काळाला आणि मेलेल्या माणसाला ‘भूत’ हा एकच शब्द ठेवला आहे. इतिहासकाराला तो परका वाटण्याचें कारण नाहीं.